बाबांच्या बोटीच्या वाटा

जून-जुलैमध्ये आमच्या वरळी कोळीवाड्यात बोटी किनाऱ्यावर असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे जाळी विणणं, बोटीला रंग काढणं, इंजिन उघडून बसणं ही कामं या दोन महिन्यांतच उरकून घ्यायची. मागच्या बंदीत बाबांनी बोटीवरचं हातातलं जीपीएस यंत्र माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या पडद्यावर अर्ध्यापर्यंत काळी रेघ आली होती आणि बटणं दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नव्हती. ते म्हणाले, "यातलं सगळं काढून घे. हे गेलं तर माझे मार्क गेले."

मार्क म्हणजे समुद्रातल्या जागा. कुठे जाळं अडकतं, कुठे खडप म्हणजे पाण्याखालचा खडक आहे, कुठे कोणत्या महिन्यात मासा लागतो हे सगळं त्यात असतं. आजोबांच्या वेळी हे मार्क डोळ्यांनी घेत. हाजी अलीचा दर्गा डोंगराच्या कुठल्या टोकाशी जुळला आणि प्रॉन्ग्सचं दीपगृह कशाच्या उजव्या हाताला आलं, अशा दोन रेघा मनात धरायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे जाळं टाकायचं. पुढे उंच इमारती झाल्या आणि जुन्या खुणा एकेक करून झाकल्या गेल्या. बाबांनी यंत्र घेतलं ते त्यानंतर.

मी एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. नकाशाचं शिक्षण काही नाही. पण क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, सगळ्यांना खुलं आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, एवढं माहीत होतं. मार्क वाचवायचे होतेच, पण आणखी एक गोष्ट मनात होती. आमच्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडायची वाट किनारी रस्त्याच्या पुलाखालून जाते. त्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. वाड्यातल्या लोकांनी ते वाढवून मागितलं आणि 2022 च्या अखेरीस 120 मीटर करायचं मान्य झालं. त्या सगळ्या वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जायचा, "तुमच्या बोटी नेमक्या जातात कुठून?" आणि आमची जाणती माणसं समुद्राकडे हात करून दाखवायची. छापील नकाशात तिथे नुसता निळा रंग असतो. वाट रोजची आहे, पिढ्यांची आहे, पण कागदावर कुठेच नाही, ही गोष्ट मला फार लागली होती. यंत्रात मार्कांसोबत बोटीचा माग साठतो हे कळलं तेव्हा वाटलं, उत्तर इतकी वर्षं बाबांच्या खिशातच होतं.

यंत्र केबलने जोडल्यावर पेन ड्राइव्हसारखं उघडलं. आत जीपीएक्स नावाचा फोल्डर आणि त्यात फाइल्स. सगळ्यात आधी तो अख्खा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केला आणि पुढचं सगळं काम कॉपीवर केलं. असं यंत्र घेऊन कोणी बसणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की मूळ फाइलला हात लावू नका. आमच्या यंत्रात चालू मागाचे दहा हजार बिंदू मावतात. ते भरले की सगळ्यात जुने पुसून त्यावर नवे लिहिले जातात. म्हणजे बाबांच्या पहिल्या काही वर्षांचा माग आधीच गेलेला होता. जे हाती लागलं ते साधारण तीन हंगामांचं, तेसुद्धा पुतण्याने मधूनमधून माग सेव्ह करून ठेवला म्हणून.

जीपीएक्स फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते, आणि एकदा तशी उघडून बघावी. 2002 मध्ये ठरलेला हा आराखडा अजून सगळीकडे चालतो, आणि वाचल्यावर त्याचं कारण कळतं. प्रत्येक बिंदूची एक ओळ, त्यात अक्षांश, रेखांश, खाली उंची आणि वेळ. बस. तीन प्रकारच्या गोष्टी त्यात असू शकतात. वेपॉइंट म्हणजे सुटा बिंदू, आमचा मार्क. रूट म्हणजे आधी ठरवलेली वाट. ट्रॅक म्हणजे बोट खरंच जिथून गेली तो माग. ट्रॅकच्या आत पुन्हा तुकडे असतात. सिग्नल तुटला किंवा यंत्र बंद करून चालू केलं की नवा तुकडा.

फाइल क्यूजीआयएसच्या खिडकीत ओढून टाकली. लगेच पाटी आली, यातलं काय काय घेऊ? वेपॉइंट्स, रूट्स, ट्रॅक्स, रूट पॉइंट्स, ट्रॅक पॉइंट्स. मी आधी फक्त ट्रॅक्स घेतले, कारण मला रेघ हवी होती. रेघ आली, छान दिसली, पण तिला वेळ नव्हती. वेळ असते बिंदूंना. ट्रॅक्समध्ये अख्खा माग एकच वस्तू म्हणून येतो आणि आतले बिंदू कधीचे हे विचारता येत नाही. म्हणून परत फाइल टाकली आणि ट्रॅक पॉइंट्स घेतले. वाट बघण्यापुरती हवी असेल तर ट्रॅक्स पुरतात. वाटेबद्दल काही विचारायचं असेल तर ट्रॅक पॉइंट्सच लागतात.

खाली ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशाचा थर लावला आणि पहिल्यांदाच आमचं बंदर, वरळीचा किल्ला, सी-लिंक आणि त्यांच्या पश्चिमेला पसरलेला ठिपक्यांचा थवा एकत्र दिसला. मी आईला हाक मारून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "एवढ्या लांब जातात?"

किती लांब, ते मोजायला गेले तर एका फेरीची लांबी आली 0.31. हे अंशांत होतं. जीपीएक्समधलं सगळं डब्ल्यूजीएस 84 या पद्धतीत, म्हणजे अक्षांश-रेखांशात असतं. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश साधारण 111 किलोमीटर आणि रेखांशाचा साधारण 105, तेव्हा अंशांतल्या लांबीला सरळ अर्थ नसतो. यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत. मुंबई तिच्या 43 उत्तर या पट्ट्यात येते, सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा क्रमांक ईपीएसजी 32643. थर एक्स्पोर्ट करताना हा क्रमांक निवडला आणि जिओपॅकेज या प्रकारच्या नकाशाच्या फाइलमध्ये सेव्ह केलं. तेव्हापासून सगळं मीटरमध्ये. जीपीएक्समध्ये थेट दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा हे एकदाच करून टाकावं, पुढचे कितीतरी त्रास वाचतात.

मग बिंदूंच्या रेघा करायच्या होत्या, एका फेरीची एक रेघ. त्यासाठी पॉइंट्स टू पाथ नावाचं साधन आहे. क्रम वेळेनुसार लाव म्हणून सांगितलं आणि चालवलं. तीन हंगामांची मिळून एकच रेघ आली. आज दुपारी बंदरात थांबलेली बोट उद्या पहाटे कुठे सिग्नल लागेल तिथून पुढे जोडलेली, मधला महिनाभराचा खाडा ओलांडणाऱ्या सरळ रेघा वाड्याच्या घरांवरून गेलेल्या. या साधनाला गट कशावर पाडायचे हेही सांगावं लागतं. तुकड्यांवर पाडले तर एका फेरीचे सहा-सहा भाग होत होते, कारण यंत्राचे सेल समुद्रात बदलले की नवा तुकडा सुरू. म्हणून तारखेवर पाडले.

आणि इथे दोन दिवस गेले. प्रत्येक फेरी मधोमध तुटत होती. बोट बंदरातून निघाली, तीनेक मैल गेली की रेघ संपायची आणि तिथूनच दुसऱ्या तारखेची रेघ सुरू व्हायची. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. सेल, सिग्नल, सगळं तपासून झालं. शेवटी तुटायच्या जागेवरच्या बिंदूंची वेळ वाचली, एकाची 23:59 आणि पुढच्याची 00:00. बाबांना विचारलं, तुम्ही मध्यरात्री तिथे असता का? ते म्हणाले, "मध्यरात्री कशाला? तिथे असताना उजाडायला लागतं."

तेव्हा उलगडलं. जीपीएक्समधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, भारताची नाही. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. बाबा पहाटे साडेतीनला निघतात, तेव्हा फाइलमध्ये आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. आणि आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झाले की फाइलची तारीख उलटते. बोट त्या वेळी समुद्रात असते, म्हणून रोज त्याच सुमाराला फेरी तुटत होती. वेळेत 5 तास 30 मिनिटं मिळवणारं एक नवं फील्ड केलं, त्यावरून तारीख काढली, आणि फेऱ्या अखंड झाल्या. संध्याकाळी जाऊन सकाळी परतलेल्या काही फेऱ्या उरल्या, त्या हाताने जोडल्या. ऑफिसला जाणाऱ्या माणसाने दिवसाचा माग काढला तर त्याला हा प्रश्न बहुधा पडणारच नाही. पहाटे कामाला लागणाऱ्यांच्या फाइल्समध्ये तो हमखास येतो.

दरम्यान पुतण्याने त्याच्या मोबाइलवर घेतलेली एक फेरी आणून दिली. तिच्यात उंची होती उणे 63 मीटर. बाबा चष्मा लावून जवळ आले, "पाण्याखाली?" मोबाइलमधली बरीच अ‍ॅप्स उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरा समुद्र त्या आकारावर बसत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे तो कुठे वर असतो, कुठे खाली. हिंदी महासागरात जगातला सगळ्यात मोठा खळगा आहे आणि मुंबईचा समुद्रही त्या गणिती आकाराच्या साठेक मीटर खाली येतो. बोटीवरच्या यंत्रात ही दुरुस्ती आतच केलेली असते, म्हणून त्यात उंची शून्याच्या आसपास होती. आम्हाला उंचीचं काम नव्हतं, पण बाबांनी हे दोनदा समजावून घेतलं. समुद्राला खळगा असतो ही गोष्ट त्यांना आवडली.

मार्कांचं काम वेगळं निघालं. यंत्रातल्या वेपॉइंट्सना नावं नव्हती, नुसते आकडे, 001, 002, 003. नावं बाबांच्या वहीत. वहीत असेही मार्क होते जे यंत्रात नव्हते, काकांनी किंवा आजोबांच्या जोडीदारांनी सांगितलेले. तेव्हा वही टाइप करून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल केली आणि क्यूजीआयएसच्या डिलिमिटेड टेक्स्ट या सोयीतून आत घेतली. पहिल्यांदा ठिपके दिसेचनात. नकाशा मागे मागे नेला तेव्हा नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात सापडले. एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यायचा असतो, मी उलटं दिलं होतं. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, म्हणून ही चूक होते. ती सापडतेही लगेच.

दुसरी चूक लगेच सापडणारी नव्हती, आणि तीच जास्त धोक्याची. वहीत आकडे असे असतात: 18 58.412, 72 41.305. (हे आकडे मी बदलले आहेत. बाबांचा खरा मार्क लिहिणार नाही.) मी पहिल्या मार्काचे 18.58412 आणि 72.41305 असे टाइप केले. ठिपके समुद्रातच पडले, एकमेकांपासून नीट अंतर राखून पडले, बघायला सगळं बरोबर. बाबांनी मात्र पडद्याकडे बघून मान हलवली. "हे आपलं पाणी नाही. हे तिकडे रेवदंड्याच्या समोरचं झालं."

वहीतला 58.412 हा अंशाचा दशांश नव्हे, ती मिनिटं आहेत. अंशात साठ मिनिटं. 58.412 ला 60 ने भागलं की येतात 0.97353, म्हणजे खरा अक्षांश 18.97353. माझ्या टायपिंगने तो मार्क 43 किलोमीटर दक्षिणेला आणि 29 किलोमीटर पश्चिमेला नेऊन ठेवला होता. बोटीवरची यंत्रं बहुतेक अंश आणि मिनिटांतच दाखवतात आणि त्याला कारण आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा माणूस, आकड्यांकडे बघूनच किती मैल राहिले ते सांगतो. दोष पद्धतीत नाही, मी ती नीट वाचली नव्हती. अंश आणि मिनिटं वेगळ्या रकान्यांत टाइप केली, भागाकार सूत्राला करू दिला, आणि सगळे मार्क आपापल्या पाण्यात आले. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती, ती फाइल यूटीएफ-8 या अक्षरांच्या पद्धतीत सेव्ह केल्यावर गेली.

पण ही चूक कोणत्याही सॉफ्टवेअरने दाखवली नसती. ती दिसली कारण ते पाणी ओळखणारा माणूस शेजारी बसला होता. त्यानंतर मी एकही पायरी बाबांना दाखवल्याशिवाय पुढे नेली नाही.

साफसफाईबद्दल थोडं. भर समुद्रात वर उघडं आकाश असतं, त्यामुळे यंत्राची चूक काही मीटरच राहते. वाड्यात शिरलं की भिंतींवरून सिग्नल उसळतो. बाबा यंत्र चालू ठेवूनच घरी येत, म्हणून आमच्या गल्ल्यांवर ठिपक्यांचं जाळं झालं होतं. ते कापून टाकलं. जाळं टाकून बोट थांबते तिथेही असाच गुंता दिसतो, पण तो ठेवला. दोन बिंदूंमधलं अंतर आणि वेळ यावरून वेग काढला की चालती बोट आणि जाळ्यावरची बोट वेगळी ओळखू येते, आणि तो गुंता म्हणजेच काम आहे.

मग बंदराजवळची वाट. सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवल्या तर बंदरासमोर नुसता पंखा उघडल्यासारखं दिसत होतं. त्यावरून कोणीही म्हणालं असतं की या बोटी कुठूनही जातात. बाबा म्हणाले, "भरतीला कुठूनही जातो. सुकतीला नाही." म्हणजे फेऱ्या भरती-ओहोटीप्रमाणे वेगळ्या करायच्या. फाइलमध्ये वेळ होती, पाणी किती होतं ते नव्हतं. ते बाबांकडे होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. पौर्णिमेला-अमावास्येला बाराच्या सुमारास. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. त्याचा रकाना करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

चार संध्याकाळी आम्ही दिनदर्शिका घेऊन बसलो. मी फेरीची तारीख सांगायची, त्यांनी तिथी बघून भरतीची वेळ सांगायची. छापील भरतीच्या कोष्टकाशी काही दिवस ताडून पाहिले. अर्ध्या तासाचा, कधी थोडा जास्त फरक येत होता, पण आमच्या कामाला तो चालण्यासारखा होता. प्रत्येक बिंदू भरतीपासून किती तासांवर आहे ते काढलं. दोन तासांच्या आतले निळे, बाकीचे लाल.

लाल ठिपके तेवढे ठेवले आणि पंखा मिटला. बंदराच्या तोंडापासून खडपांच्या मधून एकच अरुंद वाट, एका जागी डावीकडे वळलेली, मग सरळ पश्चिमेला. तीन हंगामांच्या सगळ्या सुकतीच्या फेऱ्या त्या एका पट्टीत. तिची रुंदी मी मुद्दाम मोजून लिहिली नाही, कारण यंत्राची चूकच काही मीटर असते आणि अशा आकड्यावर उद्या कोणी वाद घालेल. पण वाट कुठे आहे याबद्दल शंका उरली नाही. बाबांनी पडद्यावर बोट ठेवून ते वळण हळूहळू गिरवलं, मग हात मागे घेतला आणि म्हणाले, "इथे अजून एक खडप आहे. त्याचा मार्क मी कधी घेतलाच नाही. रोज बघतोच की."

तो बिंदू मी नव्याने टाकला. नाव त्यांनीच सांगितलं, आजोबा ज्या नावाने त्याला हाक मारायचे ते. बंदी उठल्यावर पहिल्या सुकतीला त्यांनी तिथे बोट थांबवून नव्या यंत्रात मार्क घेतला. माझा ठिपका अकरा मीटर उत्तरेला होता, तो दुरुस्त केला.

नकाशा छापायच्या आधी आणखी एक गोष्ट बोलून ठरवली. मासे लागायच्या जागा कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. जीपीएक्स फाइल मात्र सगळंच सांगते, कुठे थांबलात, किती वेळ, कोणत्या दिवशी. म्हणून बाहेर द्यायच्या प्रतीत फक्त बंदरापासून अर्ध्या मैलापर्यंतची वाट आणि खडपं ठेवली. वेळेचे रकाने काढले, मार्कांचा थर काढला. ती प्रत मोठ्या कागदावर छापून आम्ही मच्छीमार सोसायटीत दिली. तिथे दोन तांडेलांनी आपापली यंत्रं माझ्याकडे दिली आहेत. एकाचं इतकं जुनं आहे की त्याला यूएसबीच नाही, सीरियल केबल शोधते आहे.

मार्कांच्या थराची प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतली. आईने ती वहीत ठेवून वही पत्र्याच्या पेटीत ठेवली, बोटीच्या कागदांखाली.